ग्लेनिस टोलहर्स्टचे अठरा दिवस

ग्लेनिसच्या अंगणात एक मोडकी मोटार उभी होती. चाकं कधीच निघालेली, चारी बाजूंनी विटांवर टेकवलेली. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, भंगारात दे. तिने दिली नाही. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, आमच्या ॲलिस गावात असं ऊन पडतं, की काचा वर केल्या की ती मोटार भट्टीसारखी तापायची. ग्लेनिस मागच्या सीटवर जाळीचे ट्रे मांडायची. शिजवलेला खिमा, टोमॅटोच्या चकत्या, भोपळ्याचा लगदा कागदासारखा पातळ पसरलेला. दोन दिवसांत सगळं कडकडीत वाळायचं. गल्लीत नवं कुणी राहायला आलं, की नाक वर करून विचारायचं, "सूप कुणाकडे शिजतंय?" मी सांगायची, "मोटारीत."

मी मर्ल, तिची शेजारीण. तरुणपणी मी तंबूतल्या नाटककंपनीबरोबर हा अख्खा वाळवंटी मुलूख पालथा घातला. गाणी म्हटली, राण्या झाले, रोज विष पिऊन मेले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा जिवंत झाले. कंपनी ॲलिसमध्ये येऊन बुडाली, मालकाने तंबू गुरांच्या व्यापाऱ्याला विकला आणि मी इथेच राहिले. माणसाने सोंग कधी घेतलंय आणि कधी नाही, हे आपल्याला बरोबर कळतं, अशी माझी म्हातारपणापर्यंत समजूत होती. रेलीन कुबिकने ती खोटी ठरवली.

ग्लेनिस आणि रेलीन, दोघींनी इथल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीसेक वर्षं काढली. ग्लेनिस तराजूवर, रेलीन भांड्यांवर. कुठल्या रोग्याला किती ग्रॅम बटाटा आणि कुणाला मीठ अजिबात नाही, हे ग्लेनिसच्या बोटांत बसलं होतं. ती कमी बोलायची आणि मोजल्याशिवाय काही करायची नाही. रेलीन उलट. ती हसली की ताटल्या वाजतात, असं वॉर्डातल्या नर्स म्हणायच्या.

सगळ्याची सुरुवात एका मोडलेल्या घोट्यापासून झाली. डोंगरांतल्या पायवाटेवर पडलेली कुणी परगावची बाई इस्पितळात आली होती. ग्लेनिस तिचं ताट घेऊन गेली, ती बाई जेवेना, नुसती बोलतच बसली. गावाबाहेरच्या जुन्या तार ऑफिसपासून ती वाट निघते, सव्वादोनशे किलोमीटर, कड्यांवरून, घळींतून, कोरड्या नद्यांच्या वाळूतून, आणि पश्चिमेला शेवटच्या डोंगरावर संपते. शेवटच्या दिवशी अंधारात चढायचं. वर पोचेपर्यंत सूर्य उगवतो, आणि आपण इतके दिवस चालून आलो ती सगळी रांग मागे पसरलेली दिसते. बाईचा घोटा मोडला तो चौथ्याच दिवशी, म्हणजे तिने स्वतः ते पाहिलंच नव्हतं. तरी सांगताना तिचे डोळे भरले होते.

ग्लेनिस रिकामी ट्रॉली ढकलत परत आली आणि रेलीनला, जिला ती नुसतं 'रे' म्हणायची, म्हणाली, "रे, आपण जायचं?"

"आपण? तुला बाजारात जाताना दोनदा बाकावर बसावं लागतं."

"म्हणून तर आत्तापासून तयारीला लागू."

रेलीनने हात पुसले. "चल, जाऊ. पण एक सांगते. त्या डोंगरावर मी तुझ्याशिवाय पाय ठेवणार नाही, आणि तू माझ्याशिवाय ठेवायचा नाही. नंतर एकीने दुसरीला फोटो दाखवायचे, असला प्रकार नको."

ही अट रेलीनची होती. हे मी मुद्दाम सांगतेय.

त्यानंतर ग्लेनिसच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चार नकाशे जोडून चिकटवले गेले. अठरा दिवस ठरले. पाण्याच्या टाक्यांना निळी टाचणी, मुक्कामाला लाल. तिसऱ्या दिवशी वाटेत टाकी नाही, तेव्हा प्रत्येकीने पाच लिटर पाणी पाठीवर घ्यायचं. नवव्या दिवशी सगळे लोक खाली घळीत उतरून झोपतात. ग्लेनिसने तीन हिवाळे नकाशावर भिंग धरून ठरवलं, की आपण पाणी वाहून न्यायचं आणि वर कड्यावरच झोपायचं. तशी जागा कुठल्या पुस्तकात दिलेली नव्हती, ती तिने उंचीच्या रेघा वाचून शोधली होती. तेराव्या दिवशी अर्धा दिवस विश्रांती, कारण रेलीनचा उजवा गुडघा.

दर रविवारी दोघी टॉड नदीच्या कोरड्या पात्रातून पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन चालायच्या. एकदा मीही गेले. अर्ध्या तासाने रेलीन झाडाखाली बसली. "मर्ल, काडेपेटी आहे का गं? हा तांदूळ इथेच शिजवून टाकू. वजन एकदाचं पोटात गेलं की पाठ मोकळी." ग्लेनिस हसत उभी राहिली, पण तिने आपलं ओझं खाली ठेवलं नाही.

आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. पहिल्या वर्षी ग्लेनिसच्या नवऱ्याचं हृदय. मग तो गेलाच. मग वणव्याने अर्धी वाट बंद केली. मग रेलीनच्या मुलीला जुळं झालं. एका वर्षी ग्लेनिसचा रक्तदाब. तिचा मुलगा ट्रॉय मोठे मालट्रक चालवतो. तो एकदा म्हणाला, "आई, किती वर्षं नकाशा बघत बसणार? गाडीत बस. दुपारी पायथ्याशी नेतो, सकाळी तुझ्याबरोबर चढतो, संध्याकाळी घरी."

"नको रे. रेलीनला शब्द दिलाय."

"तिला कळणार आहे का?"

"मला कळेल ना."

अकरा वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात तर वाटेवर न्यायच्या वाळवलेल्या अन्नाचे डबेसुद्धा भरून झाले होते. तेव्हा जुलैअखेरीला रेलीन आली आणि हाताची घडी घालून दारातच उभी राहिली. ॲडलेडच्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं होतं, तीन आठवडे तरी जावं लागणार होतं. "पुढच्या वर्षी, ग्लेन. देवाशपथ." ग्लेनिसने भरलेले डबे उपसले. रेलीनच्या कोंबड्यांना तीन आठवडे दाणे घातले. बहिणीच्या अशक्तपणावर म्हणून भोपळ्याच्या सुपाच्या सहा पुड्या दिल्या. वरून मला म्हणाली, "बिचारी रे. किती उतरला होता गं तिचा चेहरा."

मीही मान डोलावली.

यंदा मात्र काही आडवं आलं नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं ठरलं. लांबच्या वाटेवर सगळं अन्न पाठीवर नेता येत नाही. म्हणून लोक आधी गाडीने जाऊन दोन-तीन घळींपाशी डबे ठेवून येतात. तिथे कुलपाची खोली असते, चावी गावातून घ्यायची. डबा जाड प्लास्टिकचा लागतो, नाहीतर उंदीर दोन दिवसांत फडशा पाडतात. ग्लेनिसच्या डब्यात एकेका संध्याकाळची एकेक पुडी होती, प्रत्येक पुडी दोघींपुरती, वर तारीख आणि किती पाणी घालायचं ते. तळाशी तिने रेलीनपासून लपवून लिकरिशच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, काळ्या गोळ्या ठेवल्या होत्या. रेलीनला त्या फार आवडायच्या.

डबे ठेवायला रेलीनच बरोबर यायची होती. आदल्या दिवशी तिचा फोन आला, नातवाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. म्हणून मी गेले.

छान दिवस होता. थंडी होती, आकाश धुतल्यासारखं. दोन ठिकाणी डबे ठेवले आणि दुपारी ऑर्मिस्टनच्या घळीशी पोचलो. तिसरा डबा खोलीत ठेवून ग्लेनिसने कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग आम्ही निवाऱ्याखाली बसून अंड्याची सँडविचं खाल्ली, थर्मासातला चहा घेतला. समोर लाल कडा, खाली पाण्याचं डबकं, खडकावर एक छोटी वॉलबी, कांगारूचीच धाकटी जात, आमच्या पावाकडे टक लावून बसलेली.

निवाऱ्यात वही असते. वाटेवर प्रत्येक मुक्कामाला असते. आपलं नाव, किती माणसं, कुठून आलो, उद्या कुठे जाणार, आणि शेवटच्या रकान्यात काय वाटेल ते. ग्लेनिसला असल्या वह्या वाचायची भारी हौस. कोण किती दिवसांत कुठे पोचलं, यात तिला कादंबरीसारखी गोडी. "हा बघ, बारा दिवसांत संपवायला निघालाय," ती म्हणाली. "पळतोय की काय मेला." पानं मागे उलटत गेली. मे, एप्रिल, मग मागचा सप्टेंबर, ऑगस्ट.

उलटणारा हात थांबला.

मला वाटलं, पानात विंचू वगैरे आहे. मी वाकून पाहिलं. रेलीन कुबिक. माणसं तीन. जुन्या तार ऑफिसपासून, तेरावा दिवस. आज अर्धा दिवस विश्रांती. शेवटच्या रकान्यात: 'सगळं अगदी आराखड्याप्रमाणे! नवव्या रात्री वर कड्यावर झोपलो, आयुष्यात विसरणार नाही. भोपळ्याचं सूप झकास.'

"दुसरी कुणी रेलीन असेल," मी म्हणाले. किती मूर्खासारखं बोलले! कुबिक आडनावाची या गावात दुसरी बाईच नाही.

ग्लेनिसने 'आर' या अक्षरावर बोट ठेवलं. रेलीन त्याला खाली एक शेपटी काढते. "तीस वर्षं वाढदिवसाची कार्डं येताहेत मला," ती म्हणाली. तिने पान नीट मिटलं, पेन्सिल दोरीला पुन्हा बांधली आणि वही पेटीत ठेवली. उरलेला चहा तिने वाळूत ओतला.

येताना गाडी तीच चालवत होती. अर्ध्या वाटेवर एकदम म्हणाली, "मर्ल, ते सूप तिच्या बहिणीसाठी होतं." बस. 

दुसऱ्या दिवशी दुपारी रेलीन आपणहून आली. हातात पायाला लावायच्या चिकटपट्ट्यांची पिशवी. मी व्हरांड्यात बसले होते, उठायला लागले तर ग्लेनिस म्हणाली, "बस तू." आणि रेलीनकडे वळून, "वही वाचली मी. ऑर्मिस्टनची."

मी रंगमंचावर पुष्कळ चेहरे पडताना पाहिलेत. त्यातले बहुतेक पगार घेऊन पडायचे. हा खरा होता. रेलीन पायरीवरच बसली.

"ग्लेन, ऐक. डॉक्टर म्हणाला होता, गुडघा अजून एक हिवाळा जेमतेम टिकेल. माझ्या पोहायच्या वर्गातल्या दोघी निघाल्या होत्या, त्यांच्यातली तिसरी गळाली. त्यांनी विचारलं. तुझा रक्तदाब तेव्हा पुन्हा वर-खाली होत होता, तू आयत्या वेळी थांबली असतीस. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, थांब."

"मी म्हणाले असते, जा." ग्लेनिसचा आवाज अजिबात चढला नव्हता. "रडले असते दोन दिवस. पण जा म्हटलं असतं. कोंबड्या तेव्हाही सांभाळल्याच असत्या ना?"

रेलीन चिकटपट्ट्यांच्या पिशवीला गाठी मारत बसली.

"आणि आराखडा? तो माझा होता."

"तुझ्यासारखा दुसऱ्या कुणाचा नव्हता म्हणून तर..."

"तू त्यांना काय सांगितलंस? कुणी काढलाय?"

रेलीन अगदी हळू, "मी. मी काढलाय असं सांगितलं."

ते ऐकून मीच खुर्चीचा हात घट्ट धरला. ग्लेनिसने मात्र नुसती मान हलवली. "आणि यंदा काय करणार होतीस? वर गेल्यावर? पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार होतीस?"

"तुझ्यासाठी, ग्लेन. तुझा आनंद..."

"माझ्यासाठी नाटक." तिने माझ्याकडे पाहिलं. "मर्ल, जमलं असतं का गं हिला?"

काय बोलणार? "जमलं असतं," मी म्हणाले. "वर्षभर जमवलंच ना तिने."

रेलीन रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "ढग होते, ग्लेन. वर पोचलो तेव्हा सगळीकडे ढग. काहीसुद्धा दिसलं नाही. एवढं करून मला काही दिसलंच नाही गं!"

मी म्हातारी नटी, मला अशा वेळी हसू येतं. मी ओठ चावला.

मग ग्लेनिसला खरंच कुतूहल वाटलं असावं. "रे, सगळ्या जगापासून लपवलंस. मग वहीत कशाला नाव घातलंस?"

रेलीनने नाक पुसलं आणि वर पाहिलं, जणू तिला कुणी वेड्यासारखं काही विचारलंय. "वहीत नाव घालायचं नाही? काय बोलतेस? पुढे कुठे पाय घसरला असता, तर शोधणारे आम्हाला कुठे शोधत बसले असते? बरोबर दोघीजणी होत्या."

"हो," ग्लेनिस म्हणाली. "ते बरोबर केलंस."

तेवढ्यापुरत्या त्या दोघी पुन्हा एका बाजूला होत्या. मग ग्लेनिस उठली, आत गेली. रेलीन बराच वेळ पायरीवर बसून राहिली, नंतर कठड्याला धरून उठली आणि पिशवी तिथेच ठेवून गेली.

मला वाटलं, संपलं. आता नकाशे उतरतील. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून पाहिलं तर ग्लेनिस खुर्चीवर चढून टाचण्या काढत होती. मी आत गेले. ती काढत नव्हती, फिरवत होती. लाल टाचण्या एकेक मुक्काम सरकवत चालल्या होत्या.

"उलटं जाणार," ती म्हणाली. "डोंगर पहिल्या दिवशी. मग चालत घरी."

"आणि सोबत कोण?"

"कुणी नाही."

ट्रॉयने फोनवर आकाशपाताळ एक केलं. अडुसष्टाव्या वर्षी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई, एकटी! तिने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र भाड्याने घेतलं, रोज संध्याकाळी पाचला 'पोचले' असं मला कळवायचं कबूल केलं, दोन दिवस निरोप आला नाही तर पोलिसांना फोन करायचं काम माझ्याकडे दिलं. मी विचारलं, "उलटं कशाला पण? सगळे डोंगर शेवटी ठेवतात."

"तिच्या दिशेने नाही चालायचं मला," ग्लेनिस म्हणाली. "मागचे अकरा महिने मी रोज त्या वाटेवर होते, मर्ल. मनात. रोज रात्री झोपताना एक मुक्काम. आणि प्रत्येक मुक्कामाला ती माझ्याआधी येऊन गेली होती."

ट्रॉयनेच शेवटी तिला पायथ्याशी नेऊन सोडलं. मोठाले ट्रक हाकणारा तो माणूस, येताना रडत आला म्हणे.

रोज पाचच्या सुमाराला माझा फोन वाजायचा. पोचले. पोचले. सहाव्या दिवशी, 'डिंगो कुत्र्याने एक मोजा पळवला.' आठव्या दिवशी, 'वारा फार, आज थांबते.' ऑर्मिस्टनला डबा उघडला त्या दिवशी मात्र नुसतं 'पोचले' होतं. त्या पुड्या दोघींपुरत्या होत्या. ती रोज अर्धं शिजवत होती की उरलेलं टाकत होती, हे मी कधी विचारलं नाही.

विसाव्या दिवशी दुपारी जुन्या तार ऑफिसच्या मागच्या उतारावरून ती येताना दिसली. पाठीवरचं ओझं लहान झालेलं, ओठ फुटलेले, नाकाचं कातडं निघालेलं. ट्रॉय धावला. मी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या, जुनी सवय. तिने मला मिठी मारली तेव्हा तिच्या अंगाला धुराचा आणि घामाचा वास होता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "डोंगर?"

"लख्ख आकाश होतं," ती म्हणाली. "सूर्य आला. सगळी रांग लाल झाली, शेवटपर्यंत. आणि मी बाजूला वळले. म्हटलं, 'बघ गं.'"

ट्रॉयने आरशातून पाहिलं.

"तोंडातून गेलंच," ग्लेनिस म्हणाली. "मग मला तिचा इतका राग आला, मर्ल, की अर्धा डोंगर उतरेपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही. वहीत बघून आला नव्हता इतका."

आठवड्याने रेलीन आली. मी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. माश्यांसाठी बसवलेलं जाळीचं दार लावलेलं होतं, रेलीन त्याच्या पलीकडे उभी राहिली, ग्लेनिस अलीकडे.

"ऐकलं, पोचलीस."

"हो."

"किती दिवस लागले?"

"वीस."

"पाय?"

"बरे आहेत. दोन नखं गेली."

"माझी तर तीन..." रेलीन हसून बोलायला लागली आणि जीभ चावून थांबली.

मी सुरी खाली ठेवली. ग्लेनिस दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग तिने विचारलं, "तुझी कितव्या दिवशी गेली?"

"सातव्या. त्या दगडगोट्यांच्या उतारावर."

"माझीही तिथेच," ग्लेनिस म्हणाली. "मला तो उतार नव्हता, चढ होता."

"चढाला बोटं नाही ना आपटत एवढी?"

"आपटतात. परत घसरतो ना आपण."

"हां. ते आहेच."

ग्लेनिसने कडी काढली नाही आणि काढ असं रेलीनने म्हटलं नाही. थोड्या वेळाने रेलीन वळली आणि एका वेळी एक पायरी, गुडघा जपत, खाली उतरून गेली.